भाच्याची बंदूक

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तीन आठवडे धाकट्या भावाकडे लेस्टरला होते. पहिल्याच रविवारी नाश्त्याच्या टेबलावर घरात भांडण चालू आहे हे माझ्या लक्षात आले. भांडण मोठ्या आवाजाचे नव्हते. भाऊ बोलत नव्हता, भाभी पराठे जरा जास्तच जोरात उलटत होती आणि भाचा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता.

विषय बंदुकीचा होता.

खरी बंदूक नव्हे. एअरसॉफ्टची. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून आधी थोडे सांगते. सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोल गोळी, हरभऱ्याएवढी. ती हवेच्या दाबाने उडते. दोन गट रानात उतरतात, डोळ्यांवर जाड चष्मे आणि तोंडावर जाळीचा मुखवटा लावतात आणि लपत-छपत एकमेकांना टिपतात. गोळी लागली की लागलेल्याने स्वतःच हात वर करून "हिट" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. कपड्यावर रंग उमटत नाही, यंत्र मोजत नाही. सगळा खेळ इमानावर. हे मला ऐकताक्षणी आवडले, कारण परीक्षागृहात पर्यवेक्षण करून करून इमान या गोष्टीवरचा माझा विश्वास बराच पातळ झालेला आहे.

हा खेळ मूळ जपानचा. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणे फार कठीण, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खेळण्यांचा धंदा वाढला. तोक्यो मारुई ही त्यातली नावाजलेली कंपनी, आणि तिची व्हीएसआर-10 ही बोल्ट मागेपुढे करून चालवायची स्नायपर रायफल म्हणजे या खेळातल्या पोरांचे जुने स्वप्न. भाच्याला तीच हवी होती. खेळाच्या मैदानावरचा एक माणूस आपली वापरलेली विकत होता. आत सुधारणा केलेली, वर दुर्बीण बसवलेली, 260 पौंडांना.

भाचा नुकताच 18 वर्षांचा झाला होता. इंग्लंडमध्ये त्याखालच्या मुलाला असली वस्तू विकता येत नाही. 18 झाले तरी खरीसारखी दिसणारी नकली बंदूक कोणालाही विकत मिळत नाही, तसा 2006 चा कायदा आहे. अर्धी निळी किंवा नारिंगी रंगवलेली मिळते. काळी हवी असेल तर आपण खरेच खेळाडू आहोत हे दाखवावे लागते. त्यासाठी मैदानावर निदान तीन वेळा, आणि तेही 56 दिवसांहून कमी नाही इतक्या अवधीत, खेळल्याची नोंद लागते. भाच्याने भाड्याच्या बंदुका घेऊन हे सगळे रीतसर पार पाडले होते. नंबर हातात आला होता. पैसे सुपरमार्केटात शनिवार-रविवार काम करून स्वतः साठवलेले. कायद्याने त्याला आडकाठी नव्हती. आडकाठी बापाची होती.

"आपा, तूच सांग त्याला," भाऊ म्हणाला. "तू मास्तरीण आहेस. एनसीसीत बंदूक चालवलीयेस. तू जाऊन बघ. तू म्हणशील ते."

भाभीचे म्हणणे वेगळे होते. मजेतसुद्धा माणसावर हत्यार रोखू नये अशी शिकवण आहे आणि हा तर खेळच तो आहे. शिवाय तिचा व्यवहारी मुद्दा: "निशाणा मारायचाय ना? मग ऑलिंपिकवाला मार. तुमच्या कोल्हापूरकडच्या त्या मुलाने मेडल आणले." ती स्वप्नील कुसाळेबद्दल बोलत होती. 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक आणले तेव्हा माझ्या वर्गातली पोरे आठवडाभर खडूच्या तुकड्यांनी नेम धरत होती. भाचा हसून म्हणाला, "अम्मी, त्या रायफलची किंमत माहितीये का?" तो वाद तिथेच थांबला. हत्यार रोखण्याच्या मुद्द्याला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्याकडेही नव्हते. भाभी अजूनही त्या मुद्द्यावर ठाम आहे.

भावाचे कारण काय होते हे त्याने पोराला सांगितलेले नव्हते. मला ते माहीत होते.

1993 च्या जानेवारीत आम्ही मुंबईत एका चाळीत राहत होतो. अब्बा गोदीत कामाला होते. मी चौदा वर्षांची, भाऊ अकराचा. त्याच्याकडे टिकल्यांचे एक पिस्तूल होते, पत्र्याचे, काळे, आदल्या ईदला हट्ट करून घेतलेले. शहरात जे चालले होते ते चालले होते. एका संध्याकाळी घरोघर झडत्या होणार अशी बातमी चाळीत पसरली. खरी की अफवा, कोणी विचारत बसले नाही. अब्बांनी मोरीचे दार लावून घेतले आणि वरवंट्याने ते पिस्तूल ठेचले. भाऊ दाराबाहेर उभा होता. आतून पत्र्याचा आवाज येत होता, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अम्मीने बादलीत नळ सोडला होता. मग अब्बांनी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून दोन वेगवेगळ्या पिशव्यांत भरले. झडती शेवटी झालीच नाही. सहा महिन्यांत आम्ही रत्नागिरीला परत आलो. त्या पिस्तुलाबद्दल भाऊ आजवर एक शब्द बोललेला नाही. त्या रविवारीही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "आपल्या पोराच्या हातात, आपा. लांबून कोणाला काय दिसणार?"

त्यामुळे मी बघायला जायचे कबूल केले ते बंदूक चांगली की वाईट हे ठरवण्यासाठी म्हणून. दुसरा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता.

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापन हा विषय होता. चांगल्या कसोटीत विश्वसनीयता हवी आणि सप्रमाणता हवी हे आम्ही पाठ केले होते. विश्वसनीयता म्हणजे तीच कसोटी पुन्हा घेतली तर तेच उत्तर यावे. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जावे. मला मात्र हे दोन शब्द खरे समजले होते ते त्याच्याही आधी, कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला. पॉइंट टू टूची बोल्टवाली रायफल, पालथे पडून पाच गोळ्या. माझ्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याभोवती, पण वर्तुळाच्या डावीकडे खाली. मी रडकुंडीला आलेली. उस्ताद म्हणाले, बेटा, ग्रुपिंग पहले, निशाना बाद में. ग्रुप जमला असेल तर साइट फिरवून तो मध्यावर आणता येतो. गोळ्या चहूकडे विखुरल्या असतील तर काही फिरवून उपयोग नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही मी हेच धरून चालते. एकच चूक दहादा करणारा मुलगा मला चालतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे निघालो. भाऊ गाडी चालवायला म्हणून आला आणि मैदानाबाहेर गाडीतच बसून राहिला. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर रान होते, ओकची झाडे, खाली निळी रानफुले आणि चिखल. आत शिरताना एक तंबू, तिथे सगळ्यांनी मॅगझिन काढून ठेवायचे आणि नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवायची. पट्टेवाले जाकीट घातलेले मार्शल फिरत होते. त्यांच्यातली एक पंचावन्नच्या आसपासची बाई होती. माझा स्कार्फ बघून तिने काही न बोलता मोठ्या मापाचा चष्मा काढून दिला, जो स्कार्फवरून नीट बसतो. हे तिला आधी सुचले, मला नाही.

आता बंदुकीबद्दल. ही बंदूक चालते कशी ते ऐका, म्हणजे पुढचे कळेल. बोल्ट मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन एका दात्यावर अडकतो. बोल्ट पुढे ढकलला की एक गोळी नळीत बसते. चाप ओढला की दाता सुटतो, पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा गोळीला ढकलते. सायकलच्या पंपाची करामत. बॅटरी नाही, गॅस नाही. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने एक रबर किंचित आत आलेले असते. गोळी त्याला घासून जाते आणि उलटी फिरकी घेते. फिरकीमुळे तिच्यावरची हवा वेगाने सरकते, खालची रेंगाळते, आणि गोळी वर उचलली जाते. क्रिकेटच्या आणि टेबल टेनिसच्या चेंडूला हेच होते. याला हॉप-अप म्हणतात. या रबराला कमी-जास्त दाबायचा एक खटका असतो. सगळी अक्कल त्या रबरात आहे. दुर्बीण, लांब नळी, दोन पायांचा स्टँड, हा सगळा साज.

माझी भाषा उर्दू, म्हणून इथे एक आडवाट. बंदूक हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत बुंदुक म्हणजे एक प्रकारचे टणक फळ, हेझलनट. त्यावरून त्या आकाराच्या मातीच्या गोळ्यांनाही बुंदुक म्हणू लागले. बारूद यायच्या आधी अशा गोळ्या धनुष्याने मारून पक्षी टिपायचे. मिसरचा प्रसिद्ध मम्लुक सुलतान बैबर्स याच्या नावापुढे बुंदुकदारी लागते, कारण त्याचा पहिला धनी त्या गोळ्यांच्या धनुष्याचा मानकरी होता. पुढे हत्यार बदलले, शब्द तोच राहिला. म्हणजे या खेळण्यातल्या गोल गोळ्या सैनिकाच्या गोळीपेक्षा मूळ शब्दाच्या जास्त जवळच्या. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने मोबाइल पहिल्यांदा खाली ठेवला.

विकणारा माणूस सभ्य होता. बंदूक सुरेख होती. काळा साठा, हातात भरणारे वजन, बोल्टवर तेलाची चमक. आतली स्प्रिंग बदलून तगडी टाकली आहे, पाचशे फुटांचा वेग देते, असे त्याने सांगितले. सेकंदाला फूट. मारुईची मूळ बंदूक एवढी जोरदार नसते, कारण ती जपानच्या कायद्यात बसेल अशी घडवलेली असते आणि तिथली मर्यादा 0.98 ज्यूल आहे. इंग्लंडमध्ये एकेक गोळी मारणाऱ्या बंदुकीला 2.5 ज्यूलपर्यंत सूट, सलग मारणाऱ्यांना 1.3. म्हणून तिथले हौशी लोक आल्या आल्या स्प्रिंग बदलतात. या मैदानाचा नियम 0.20 ग्रॅमच्या गोळीला 500 फूट, त्यावर नाही. आणि अशी जोरदार बंदूक 30 मीटरच्या आतल्या माणसावर चालवायची नाही. जवळच्यासाठी वेगळे पिस्तूल ठेवायचे.

टेबलावर वेग मोजायचे यंत्र होते. पाच गोळ्या मारल्या. 478, 503, 461, 509, 470. भाच्याचे डोळे 509 वर चमकले. मी वहीत आकडे लिहिले आणि मोठ्यातून लहान वजा केला. 48. एकाच बंदुकीच्या, एकाच वजनाच्या पाच गोळ्यांत एवढा फरक म्हणजे हवा कुठेतरी निसटते आहे, कधी कमी, कधी जास्त. मार्शलबाईने आकड्यांकडे बघितले आणि दोन आकड्यांवर बोट ठेवून मान हलवली. मर्यादेबाहेर.

मग 30 मीटरवर कागद लावला. वेगवान बंदुकीला जड गोळी घालतात, 0.40 ग्रॅमची. तेवढ्याच जोरात ती हळू सुटते, पण वाऱ्याला कमी भुलते. भाच्याने पिशवीवर टेकवून दहा गोळ्या मारल्या. कागदावर उभी रेघ उमटली, वरपासून खालपर्यंत, जवळजवळ हातभर. डावी-उजवीकडे फारशी नाही. म्हणजे पोराचा हात स्थिर होता. वेग कमी-जास्त झाला की गोळी खाली-वर जाते, तेच कागदाने दाखवले.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क खेळाडू होता. त्याच्याकडे तीच व्हीएसआर, कारखान्यातून आली तशी, आत काही न बदललेली. माझी वही बघून त्याला गंमत वाटली असावी. त्याने आपली बंदूक पुढे केली. 281, 283, 280, 282, 281. तीन फुटांचा फरक. भाच्याने तिच्यातून 0.25 ग्रॅमच्या दहा गोळ्या मारल्या, त्या सगळ्या वीतभर जागेत. थोड्या उजवीकडे होत्या, पण एकत्र. मला उस्ताद आठवले.

"पण फुफू, ती स्लो आहे," भाचा म्हणाला. त्या म्हाताऱ्याने त्याला समजावले की लांब पल्ला हॉप-अपमुळे मिळतो, वेगामुळे त्यात थोडीच भर पडते. 350 फुटांच्या साध्या बंदुकाही स्नायपरच्या जवळपास पोचतात. स्नायपरला फायदा असतो तो आवाज न होण्याचा आणि एका जागी पडून राहण्याच्या सबुरीचा. तासभर पालापाचोळ्यात पडून तीन गोळ्या मारायच्या. भाच्याला हे पटले की नाही, चेहऱ्यावरून कळले नाही.

खरा निकाल नंतर लागला. एनसीसीत आम्हाला एक सवय लावली होती, हत्यार हातात आले की आधी ते सुरक्षित आहे का हे बघायचे. मी विकणाऱ्याला विचारून त्याची बंदूक घेतली, मॅगझिन काढले, नळी जमिनीकडे केली. बोल्ट ओढताना लक्षात आले की मला दोन्ही हात लागताहेत. स्प्रिंग खरोखरच तगडी होती. बोल्ट पुढे करून बंद केला, बोट चापापासून लांब ठेवले आणि दस्ता टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला. फट्ट. सुटली. पुन्हा केले. दुसऱ्यांदा आपटावेही लागले नाही, बोल्ट जरा जोरात बंद केला आणि सुटली. चापाला बोट नव्हते.

कारण सोपे होते, त्या म्हाताऱ्याने बघताच सांगितले. स्प्रिंग बदलली, पण तिला अडवून धरणारा चापातला दाता कारखान्यातलाच राहिला. तो हलक्या स्प्रिंगसाठी बनवलेला. जड स्प्रिंगने तो झिजत गेला. जोर वाढवायचा तर चाप आणि पिस्टन दोन्ही बदलायला हवेत, आणि त्याला स्प्रिंगच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून लोक स्प्रिंग टाकून थांबतात. विकणाऱ्याचा चेहरा उतरला. मला वाटते त्यालाही हे माहीत नव्हते. त्याने किंमत साठ पौंडांनी कमी केली.

मी भाच्याकडे बघितले. हे मी त्याला सांगितले असते तर वाद झाला असता. त्याने स्वतः बंदूक घेतली, बोल्ट बंद केला, तिसऱ्यांदा फट्ट झाले. समोर दहा पावलांवर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा चष्मा कपाळावर सरकवून सँडविच खात बसला होता. तो सेफ झोनमध्ये होता, त्याची काही चूक नव्हती. भाच्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि "नो, थँक्यू, सर" म्हणाला. मार्शलबाईने त्या बंदुकीला लाल टेप गुंडाळली.

मी गाडीत जाऊन भावाला सगळे सांगितले, आकड्यांसकट. तो वही बराच वेळ बघत होता. मला वाटले, झाले, आता हा म्हणेल की बघ, मी सांगत होतो. पण तो म्हणाला, "आणि ती दुसरी? ज्याची तीन फुटांची गोष्ट होती ती?"

मी म्हटले, ती चांगली आहे. तिला मी पास करते.

"त्याने स्वतः नको म्हटले?"

"स्वतः."

तो गाडीतून उतरला. तंबूपर्यंत गेला, पण आत गेला नाही. बाहेरच्या दोरीला हात लावून उभा राहिला. भाचा भाड्याची बंदूक घेऊन दुपारच्या डावात उतरला होता. अर्ध्या तासाने तो झाडांतून बाहेर आला, एक हात वर, चिखलाने माखलेला. बापाला बघून हात खाली घ्यायचे विसरला आणि तसाच चालत आला. "कोणी मारले?" भावाने विचारले. "दिसलाच नाही," भाचा म्हणाला, आणि दोघेही हसले. हसण्याचे त्यात काय होते मला कळले नाही.

माझ्या परतीच्या चार दिवस आधी त्यांनी दुकानातून नवी व्हीएसआर घेतली, आत काही न बदललेली. पोराने स्वतःचे पैसे दिले. रंगीत घ्यावी असे मी सुचवून बघितले, अर्धी निळी, लांबूनही खेळणे दिसेल अशी. भाचा म्हणाला, निळी बंदूक घेऊन पालापाचोळ्यात कसा लपू? त्याचेही खरे होते. भाऊ मध्ये बोलला नाही. तो दुकानदाराला वेगळेच काही विचारत होता: पिशवी कशी असते, बंद राहते का, रस्त्यावरून नेताना काय नियम. दुकानदाराने सांगितले की सार्वजनिक जागी उघडी काढणे हाच गुन्हा आहे, घरापासून मैदानापर्यंत पिशवीतच आणि गाडीच्या डिकीत. भावाने तीन पिशव्या बघितल्या. पहिल्या दोन लांबट, बंदुकीच्याच आकाराच्या होत्या. त्याने तिसरी घेतली, रुंद, चौकोनी, गिटार किंवा कीबोर्ड असेल असे वाटणारी. तिच्या बाजूला कंपनीचे नाव आणि एका रायफलीचे छोटे चित्र शिवलेले होते.

घरी आल्यावर भाचा वर खोलीत बंदूक दाखवायला मित्राला व्हिडिओ कॉल लावत होता. भाऊ खाली दिवाणखान्यात रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. भाभीची शिवणाची बारीक कात्री घेऊन तो त्या चित्राचा एकेक टाका उसवत होता. मी बाजूला बसले. "कापड फाटेल," म्हटले, "मला दे." त्याने पिशवी दिली, कात्रीही दिली, आणि मी उसवून संपवेपर्यंत तिथेच बसून राहिला.